विशेषणविपर्यय

विशेषणविपर्यय : व्याकरणाने एका नामाला जोडलेल्या, पण अर्थाने दुसऱ्याच कोणाचे तरी वर्णन करणाऱ्या विशेषणाची योजना. ‘भाबडा प्रश्न’ यात भाबडा असतो तो विचारणारा. ‘सुतकी चेहरा’, ‘चोरटी नजर’, ‘उपाशी दिवस’ हे प्रयोग याच जातीचे. गुण बहुधा माणसाचा असतो आणि तो त्याच्या कृतीला, अवयवाला किंवा काळाला चिकटतो. उलट दिशा विरळा. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या सहाव्या सर्गात पाताळाकडे निघालेल्यांच्या वर्णनात दोन्ही दिशा एकत्र येतात : रात्र एकाकी आणि चालणारे अंधुक.

पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात यास ‘हायपॅलेजी’ म्हणतात. मात्र संज्ञेची व्याप्ती सर्वत्र एक नाही. वैयाकरण ज्याला ‘मेटॉनिमी’ म्हणतात त्यालाच वक्तृत्वशास्त्रज्ञ हे नाव देतात, असे सिसेरो नोंदवतो. इंग्रजी विनोदकार पी. जी. वुडहाउस याच्या लेखनातील अशा विशेषणांवर रॉबर्ट ए. हॉल याने 1973 मध्ये भाषाशास्त्रीय टिपण लिहिले.

संस्कृत साहित्यशास्त्रात हा स्वतंत्र अलंकार मानलेला दिसत नाही. लक्षणेने काम भागते. कुंतकाची उपचारवक्रता याच्या जवळची, पण तिच्यात एका पदार्थाचा धर्म दुसऱ्या दूरच्या पदार्थावर आरोपित होतो. मेघाला ‘मत्त’ म्हटले, तर मद चढलेला दुसरा कोणी वाक्यात शोधावा लागत नाही. काही अभ्यासक हा भेद मानत नाहीत.

मराठीतील प्रयोग : अर्थ न बदलता केवळ स्थान चुकल्याने होणारा प्रकार येथे वेगळा काढला पाहिजे. ‘शुद्ध गाईचे तूप’ ही दुकानाची पाटी त्याचा नमुना. ‘शुद्ध’ अविकारी असल्याने ते गाईचे की तुपाचे, हे रूपावरून कळत नाही. विकारी आकारान्त विशेषण असा घोटाळा होऊ देत नाही : ‘चांगले म्हशीचे दूध’ आणि ‘चांगल्या म्हशीचे दूध’ यांत विशेष्य कोणते, ते सामान्यरूपच सांगते. ‘मोफत डोळ्यांची तपासणी’ या फलकावर कोणी हसत नाही, कारण डोळे विकत मिळत नाहीत हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. हे खरे विपर्यय नव्हेत. विशेषण योग्य नामाशेजारी नेले की प्रश्न मिटतो. ‘भाबडा प्रश्न’ मात्र असा दुरुस्त होत नाही. फार तर ‘भाबडेपणाने विचारले’ असे क्रियाविशेषण करता येते.

रूढ झालेल्या जोड्यांत मूळ विशेष्य विसरले जाते. ‘आंधळी कोशिंबीर’ या खेळात डोळे बांधलेले असतात ते राज्य असलेल्या गड्याचे. ‘प्रश्न भाबडा होता’ असे विधान चालते, पण ‘कोशिंबीर आंधळी होती’ चालत नाही. रूढी किती घट्ट झाली हे पाहण्यास ही कसोटी पुरेशी आहे.

अर्वाचीन मराठी कवितेत प्रयोग विपुल.