लिहून देणार, लिहून घेणार

चंदीगड शहरात वस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पेठा, वाड्या आणि आळ्यांच्या सवयीच्या मराठी माणसाला हे पहिल्या दिवशी खटकते आणि आठवड्याभरात अंगवळणी पडते. सेक्टर २२ हा त्यांतील अगदी आरंभी वसवलेला भाग. जेन ड्र्यू, मॅक्सवेल फ्राय आणि प्येर जानरे या वास्तुविशारदांनी आखलेली सरकारी घरे, किरण चित्रपटगृह आणि सदैव गजबजलेला बाजार अशी त्याची ओळख आहे. शेजारच्या सेक्टर १७ मध्ये उपायुक्तांचे कार्यालय आहे. तेथील उपायुक्त म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी, आपल्याकडील जिल्हाधिकारी.

२०२१ च्या डिसेंबरात मी कामानिमित्त तेथे काही दिवस होतो. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने निरोप दिला की, सेक्टर २२ मध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीला कागदपत्रांविषयी बोलायचे आहे. मी गेलो. पलंगावर तिने आपले सारे आयुष्य मांडून ठेवले होते : महाराष्ट्रातील नगरपालिकेचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, आधार, पॅन, बँकेचे पासबुक. सगळीकडे एका मुलाचे नाव होते. ती म्हणाली, ''काका, वकील वीस हजार मागतोय. एवढे पैसे नाहीत माझ्याकडे. आणि मला कोणाशी भांडायचेही नाही. माझे नाव मला हवे आहे. हा अर्ज माझा मला करता येणार नाही का?''

मी लगेच ''येईल की'' असे म्हणालो खरे. पण मनात चलबिचल झाली. तिचे कारण सांगणे भाग आहे.

२०१५ साली महाराष्ट्रातील एका कार्यालयात असाच एक अर्ज माझ्यासमोर आला होता. कारकुनाने टिप्पणी ठेवली होती : ''शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही, सबब अर्ज त्रुटीसह परत करण्यास हरकत नसावी.'' मी खाली सही केली. ती व्यक्ती पुन्हा आली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यापूर्वी एक वर्ष लागला होता. तो मी वर्तमानपत्रात वाचला होता. मुळातून वाचला नव्हता. नियमात नसलेली एक अट मी केवळ 'असे असतेच' या समजुतीने लादली. अशा सह्या कोणत्याही चौकशीत सापडत नाहीत. म्हणूनच त्यांविषयी लिहिले पाहिजे.

या प्रश्नाचा इतिहास मी नंतर वाचला. आपल्या जुन्या दस्तऐवजांत दोन पक्ष असतात : लिहून देणार आणि लिहून घेणार. ज्यांना आज आपण तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतो, त्यांच्या बाबतीत लिहून देणार कोण हा प्रश्न प्रत्येक राजवटीने वेगळ्या रीतीने सोडवला आहे.

पेशवाईतील कागदांत 'हिजडे' हा शब्द सरळ येतो, आणि काही ठिकाणी हक्कदार म्हणून येतो. काहींकडे इनाम जमिनी होत्या, काहींकडे ठरावीक गावांतून मागून घेण्याचा सनदी हक्क होता. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या हक्कांचा आणि त्यांच्या शेवटाचा मागोवा घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने या मागण्याच्या हक्काला असलेला सरकारी आधार काढून घेतला. पेशवाईत त्यांना मान होता असे यावरून म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सरकारी दप्तरात त्यांचे नाव लिहिले जात होते ते काहीतरी देण्यासाठी, एवढे निश्चित.

उत्तरेत १८७१ साली उलट घडले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग या समाजाविषयी होता. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब हे त्याचे क्षेत्र. प्रत्यक्ष अंमल मुख्यतः वायव्य प्रांतात झाला. ज्यांच्यावर मुले पळवल्याचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्याचा संशय असेल, त्यांची नावे व राहण्याची ठिकाणे नोंदवहीत लिहायची. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचणे हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्या व्यक्तीला मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे, अज्ञान मुलाचे पालक होता येत नसे. येथे अधिकारी लिहिणार आणि ज्याचे नाव लिहिले गेले त्याने ते भोगायचे. आज चंदीगड उभे आहे ती जमीन तेव्हा पंजाबच्या अंबाला जिल्ह्यात होती.

पण याच भूमीचा आणखी एक प्रशासकीय इतिहास आहे, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. १९४७ मध्ये लाहोर गेले म्हणून चंदीगड वसवावे लागले. पश्चिम पंजाबातून आलेल्या लक्षावधी शेतकऱ्यांजवळ जमिनीचा एकही कागद नव्हता. दप्तरे सीमेपलीकडे राहिली होती. पूर्व पंजाब सरकारने १९४८ च्या मार्चपासून त्यांच्याकडून दावे मागवले. माणूस सांगेल ते आधी लिहून घ्यायचे, मग त्याच्याच गावच्या लोकांसमोर तपासायचे, आणि पुढे दोन्ही पंजाबांनी जमाबंदीच्या नकलांची देवघेव केली तेव्हा त्या नोंदींशी ताडून पाहायचे. काहींनी वाढवून सांगितले. त्यांच्यावर कारवाई झाली. पण काही लोक खोटे बोलतील या भीतीने 'आधी कागद आणा' असे सरसकट कोणी म्हटले नाही. तसे म्हटले असते तर पुनर्वसन झालेच नसते. या कामाचे एक प्रमुख महिंदरसिंग रंधावा यांनी त्याचा वृत्तांत १९५४ साली पुस्तकरूपाने लिहिला. १९६६ मध्ये चंदीगड केंद्रशासित झाले तेव्हा तेच तेथील पहिले मुख्य आयुक्त झाले. तात्पर्य, माणसाच्या शब्दावर आधी विश्वास ठेवून मग पडताळणी करणे हे आपल्या प्रशासनाला नवे नाही. ज्यांचे कागद हरवले त्यांच्यासाठी आपण ते केले. ज्यांचे कागद पहिल्या दिवसापासून चुकीचे होते त्यांच्यासाठी मात्र आपण थांबलो.

आता नावबदलाविषयी. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण सामान्य नागरिकाच्या नावबदलासाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्रातील प्रसिद्धी ही तीन पायऱ्यांची रीत प्रघाताने रुळली आहे. महाराष्ट्रात राजपत्राच्या भाग दोनमध्ये आणि भारताच्या राजपत्रात भाग चारमध्ये अशा सूचना छापल्या जातात. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या हजारो स्त्रिया, आडनाव बदलणारी कुटुंबे, अंकज्योतिषाच्या सांगण्यावरून एखादे अक्षर वाढवणारे हौशी, सारे याच वाटेने जातात. त्यांना 'का?' असे फारसे कोणी विचारत नाही. पुरुषी नाव सोडून स्त्रीचे, किंवा स्त्रीचे सोडून पुरुषाचे नाव मागणाऱ्याला मात्र हटकून विचारले जाई, आणि पुरावा म्हणून शरीराकडे बोट दाखवले जाई.

१५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिकरी यांनी दिलेल्या निकालाने हे बोट खाली आणले. आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा दावा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने दाखल केला होता. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी स्थापन झालेली हीच संस्था. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही या प्रकरणात आपली बाजू मांडली होती.

तरीही निकालापासून टेबलापर्यंतचा प्रवास लांबचा होता. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले, आणि अखेर २०१८ मध्ये गृहखात्याची परवानगी मिळून मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललिता साळवे ललित साळवे झाले. त्यांचे प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या वेगळे होते. पण एका रजेच्या अर्जासाठी शिपायाला उच्च न्यायालय गाठावे लागले हे प्रशासनाने विसरू नये. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला. त्या निवडूनही आल्या. दोन्ही ठिकाणी न्याय मिळाला, पण वकिलामार्फत.

वकिलाविना वाट प्रथम आखली गेली ती २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी. २०१६ च्या मूळ विधेयकात जिल्हा छाननी समिती होती. तीव्र विरोधानंतर ती वगळली गेली. नियमांत असे ठरले की, जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्राच्या आधारे, कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता, ३० दिवसांत ओळख प्रमाणपत्र द्यावे. जेथे एक वर्ष सलग वास्तव्य आहे तेथेच अर्ज करता यावा. प्रमाणपत्रधारकाला जन्मदाखल्यासह सर्व कागदांवरील पहिले नाव बदलण्याचा हक्क असावा, आणि संबंधित कार्यालयाने तो बदल १५ दिवसांत करावा. एक बारीक तरतूद मला विशेष आवडली : बदललेल्या कागदावर मूळ कागदाचाच क्रमांक राहावा. म्हणजे माणूस नवा जन्मला नाही, मागचा मेला नाही. नाव तेवढे दुरुस्त झाले. हे कायदे व नियम वादातीत नव्हते आणि अशी कलमे काळानुसार बदलतात. तेव्हा अर्ज करणाऱ्याने त्या दिवशीचा मजकूर स्वतः वाचावा, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्या दिवशी सेक्टर २२ मधील खोलीत आम्ही नियमच उघडून बसलो. राष्ट्रीय संकेतस्थळ २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते. अर्ज एक पानी. प्रतिज्ञापत्राचा नमुना नियमांतच दिलेला. तिने स्वतः मजकूर भरला, दुसऱ्या दिवशी नोटरीसमोर सही केली. मी फक्त तीन गोष्टी सांगितल्या, त्या येथेही नोंदवतो. पहिली, सर्व कागदांवरील जुन्या नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का ते आधी पाहावे. निम्मे अर्ज तेथेच अडतात. दुसरी, प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. तिसरी, कोणी नियमाबाहेरचा कागद मागितला तर वाद न घालता 'कृपया ही त्रुटी लेखी द्यावी' असे म्हणावे. नियमात नसलेली अट लेखी देण्यास कोणताही कारकून कचरतो. हे मी अनुभवाने सांगतो. २०१५ साली माझ्याकडे कोणी तसे मागितले असते, तर मी नक्कीच नियम काढून वाचला असता.

महिन्याभरात तिचे प्रमाणपत्र आले. आधार, पॅन आणि बँक यथावकाश बदलले. अडकला तो शाळेचा दाखला. मुख्याध्यापकांनी कळवले की विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमध्ये बदल करता येत नाही, फक्त लेखनिकाची चूक दुरुस्त करता येते. त्यांचे म्हणणे माध्यमिक शाळा संहितेला धरून होते. त्यांना दोष देता येत नाही. येथेच खरी गाठ आहे. आपली बहुतेक दप्तरे 'चूक' ओळखतात, 'बदल' ओळखत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातही दुरुस्तीची कल्पना चुकीच्या नोंदीभोवतीच फिरते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये जिग्या यादव प्रकरणात परीक्षा मंडळाला बजावले की नाव हा व्यक्तीच्या अभिव्यक्तीचा भाग आहे आणि नोंदी वास्तवाशी जुळत्या ठेवणे मंडळाच्याही हिताचे आहे. तिने त्या निकालाचा उल्लेख करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे स्वतःच अर्ज केला. सात महिने आणि चार स्मरणपत्रे लागली. लाल शाईने जुन्या नावाला कंस, वर नवे नाव, बाजूला आदेशाचा क्रमांक आणि सही, अशी नोंद झालेल्या पानाचे छायाचित्र तिने मला पाठवले. जुने नाव खोडलेले नव्हते, वाचता येत होते. दप्तराच्या दृष्टीने ते योग्यच होते. ''काका, चालेल,'' एवढेच तिने लिहिले होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे कागद नेहमीच दोन-तीन राज्यांत विखुरलेले असतात. जन्माची नोंद एका भाषेत, शिक्षण दुसऱ्या गावी, पोट तिसऱ्या ठिकाणी. ज्याच्याजवळ वेळ, पैसा आणि ओळख आहे त्याला याचा त्रास होतो; ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याचे आयुष्य त्यात अडकते. कायदा चांगला की वाईट याची एक साधी कसोटी मी हल्ली लावतो : वकिलाविना आलेला एकटा माणूस एका खेपेत काम करून परत जाऊ शकतो का?

मराठी दस्तऐवजातील 'लिहून देणार' या शब्दाला लिंग नाही. स्त्री असो, पुरुष असो वा आणखी कोणी, लिहून देणार ते लिहून देणारच. आपल्या जुन्या कारकुनांनी हे मुद्दाम केले असेल असे नाही. पण शब्द चांगला निवडला. टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या माझ्यासारख्यांचे काम लिहून घेण्याचे आहे. २०१५ चा तो अर्ज कोणाचा होता, हे मला आता आठवत नाही. त्यावर दोन नावे होती, आणि मी त्यांतले एकही नीट वाचले नव्हते.