विद्येपूर्वीं भाकर

मुलांचें अभ्यासांत लक्ष नाहीं, ही तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. तिच्यावर वडील मंडळी जो उपाय करतात तो बहुधा उपदेशाचा. आणि उपदेश मुलें या कानानें ऐकून त्या कानानें सोडून देतात, हा आम्हां मास्तरांचा जुना अनुभव आहे. त्यापेक्षां आपल्याच मुलुखांत विद्या कोणीं, कशाच्या मोलानें मिळविली, ती हकीकत त्यांना सांगावी.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील रिठद हें माझें गांव. तेथल्या मुलाला आज शाळेंत जाण्यासाठीं कोणाची मनधरणी करावी लागत नाहीं. दुपारचें जेवणहि सरकारी शाळेंतच मिळतें. शंभर वर्षांपूर्वीं वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतून स्थिति निराळी होती. शाळा असलीच तर प्राथमिक इयत्तांपुरती. पुढें इंग्रजी शिकावयाचें तर मोठें गांव गांठावें लागे, आणि तेथें प्रश्न उभा राही तो पुस्तकाचा नव्हे, पोटाचा. गरीब ब्राह्मणाच्या मुलाला वार लावून जेवण्याची किंवा माधुकरीची वाट तरी मोकळी होती. कुणब्या-माळ्याच्या मुलाला ती नव्हती. आणि ज्यांना अस्पृश्य मानीत, त्यांच्या मुलाला तर राहावयास ओसरीहि मिळत नसे. बुद्धि होती, हौस होती. अडे तें भाकरीपाशीं.

सरकारदरबारींहि या मुलांचा कैवार घेणारे थोडेच. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलें. मागणी किती माफक! जेथील नगरपालिका वा लोकलबोर्ड राजी असेल तेथेंच सक्ती करावी, एवढीच. पण पोरें शाळेंत बसलीं तर शेतावर राबणार कोण, हें भय जमीनदारांना होतें, आणि खर्चाचें निमित्त सरकारला होतें. १९१२ सालीं तें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं बारगळलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्यानें अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. मध्यें जवळजवळ शतक गेलें. आपलीं मुलें ज्या शाळेला कंटाळतात, ती त्यांच्या पणज्यांना मतें मोजून नाकारलेली आहे!

आतां भाकरीकडे वळूं. पंजाबराव देशमुख हे १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. शिक्षणासाठीं त्यांना गांवोगांव फिरावें लागलें. कांहीं काळ ते कारंजास होते; तें कारंजा आज आमच्याच जिल्ह्यांत मोडतें. पुढें अमरावतीचें हिंदु हायस्कूल, पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२० सालीं विलायत. त्यासाठीं वडील शामरावांनीं शेत गहाण टाकलें. ज्याच्या घरीं शेती आहे त्यालाच या वाक्याचें वजन कळेल. शेत गेलें तर कुणब्याची पतच नव्हे, पुढल्या पिढीचा घांस जातो.

मुलानें तिकडे वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टरी पुरी केली आणि १९२६ सालीं तो परत आला. वकिलीवर सुखानें राहतां आलें असतें. पंजाबरावांनीं मात्र अमरावतीस सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें आणि त्याला स्वामी श्रद्धानंदांचें नांव दिलें. शाळा-कॉलेजें काढणारी शिवाजी शिक्षणसंस्था त्यानंतरची, १९३२ सालची. हा अनुक्रम मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. आधीं निवारा आणि ताट, मग फळा. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहें काढलीं. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं तेंच केलें, आणि मुलांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धां. या माउलीच्या हातची भाकर खाणाऱ्या मुलाला ‘अभ्यास कर’ असें निराळें सांगावें लागलें असेल काय?

आणखी एक नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. शेंडगांवचे गाडगे महाराज, आपल्याच वऱ्हाडचे. शाळेचा उंबरा त्यांना लाभला नाहीं. पण फुटकें गाडगें आणि खराटा घेऊन हिंडतां हिंडतां ते कीर्तनांतून लोकांना बजावीत, कीं भांडीं विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेंत घाला. लोकांनीं दिलेल्या पैशांतून त्यांनीं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.