देवळालीची बाटली

नाशिकच्या माणसाने मद्यावर लिहावयाचे म्हटले की वाचकांना द्राक्षे आठवतात. ती वाइन अलीकडची. मला लिहावयाचे आहे ते बिअरविषयी, आणि तेही घरातल्या एका रिकाम्या बाटलीमुळे. गडद तपकिरी काचेच्या त्या बाटलीत आजी गोडेतेल ठेवी. आजोबांनी ती देवळाली कॅम्पातून आणली, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक. तिच्यात पूर्वी काय होते, हे विचारण्याची सोय नव्हती.

कोणती बिअर आवडते हे ज्याची त्याची जीभ ठरवते, असे पिणारे सांगतात. मला ते फारसे पटत नाही. कंपनी सरकारच्या काळात साध्या गोऱ्या शिपायासाठी यावयाची ती 'पोर्टर', मोड आलेले जव खरपूस भाजून केलेली काळी बिअर. साहेब लोक आणि व्यापारी मागवीत ती फिकट, कडवट 'पेल एल'. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने या दुसरीत बराच पैसा केला. त्याने ती हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढली, ही कथा मागाहून रचलेली. त्याची भट्टी गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई, हे खरे कारण. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने हेलकावे खात ती येई. हॉप्सची कडू फुले भरपूर घातलेली असल्याने टिके आणि वाटेत मुरेही. म्हणजे पेल्यात काय पडावयाचे ते हुद्द्याने ठरे.

१८६५ मध्ये रेल्वेने थळघाट ओलांडला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहत. हंगामातले शेवटचे जहाज हुकले की सारा उन्हाळा तिथेच काढावयाचा. त्या रिकामपणात डोके फिरे, त्याला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले. डुलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप!

दुसऱ्या महायुद्धात आजोबा कॅम्पातल्या एका मेसमध्ये वाढपी होते. उरलेली बिअर त्यांनी तिथेच चाखली. "कडू, पण गार," एवढेच ते वडिलांना सांगत.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एका पारशी गृहस्थाने, बलसारांनी, त्याविरुद्ध दाद मागितली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने मोकळी केली. बिअर, व्हिस्कीवरची बंदी राहिली, आणि लष्करी मेसला दिलेली सूटही राहिली. तोफखान्याची शाळा देवळालीतच होती. तेव्हा तारेच्या कुंपणाच्या आत बिअर कायदेशीर आणि बाहेर गुन्हा. ज्याला डॉक्टरचा दाखला मिळवता येई त्याला प्रकृतीसाठी परवाना मिळे. आजोबांना कोण दाखला देणार? त्यांच्या वाट्याला हातभट्टी आली, काळ्या गुळाची आणि नवसागराची. अशाच एका रात्रीनंतर त्यांचे डोळे गेले. पुढे सोळा वर्षे ते ओट्यावर बसून पावलांच्या आवाजावरून माणसे ओळखत. आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारला जात नसे, तो यामुळे.

तो कायदा आजही आहे. नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, इतकेच. 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच खूण. तिथे बिअरच्या जाती दोन, माइल्ड आणि स्ट्राँग. पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असेल ती माइल्ड, त्यावरची स्ट्राँग. माझे बहुतेक परिचित स्ट्राँगच मागवतात. चवीचे विचारले तर हसतात. त्याच पैशात जास्त चढते, हा त्यांचा हिशेब. मी माइल्ड घेतो, तीही परगावी, कारण मास्तराला गावात ते शोभत नाही.

२००९ मध्ये पुण्यात काही मंडळींनी जागेवरच बिअर गाळण्याचा उद्योग सुरू केला आणि त्याला नाव दिले 'डुलाली'. मी एकदा मुद्दाम गेलो. गव्हाची बिअर घेतली. गढूळ, किंचित केळ्याच्या वासाची. मला आवडली. हे नाव कुठून आले ठाऊक आहे का, असे वाढणाऱ्या पोराला विचारले. तो म्हणाला, "फॉरेनचं असेल, सर."

त्याला देवळालीचे सांगितले. आजोबांचे सांगितले नाही.