सूर्येचें पाणी

नदीस वळण लावण्याची हौस राज्यकर्त्यांस फार जुनी. बाडेनच्या राज्यांत टुल्ला नांवाच्या एंजिनियरानें 1817 सालीं ऱ्हाईनचीं वांकणें कापावयास आरंभ केला. तें काम 1876 पर्यंत चाललें आणि बासेल व वर्म्स यांमधील नदी सुमारें 81 किलोमीटरांनीं आंखूड झाली. कापलेलीं वांकणें तळ्यांच्या रूपानें मागें राहिलीं. पुढें नदीचा तळ खोल गेला, भोंवतालचें भूजल उतरलें व त्यांतील पुष्कळ तळीं सुकलीं. ह्याच नदीचा वाल नांवाचा फांटा हॉलंडांत नाइमेगन शहरावरून जातो. तेथें एकविसाव्या शतकांत बांध मागें सरकवून पुरास नवें पात्र खणून द्यावें लागलें.

आमच्या डहाणूकडील नद्यांस एवढा विस्तीर्ण कांठ नाहीं. सह्याद्रीवरून घाईनें उतरावें, पावसाळ्यांत दुथडी वाहावें व खाडी गांठावी, हा येथील क्रम. पुराचें पाणी विसावतें तें भातखाचरांत किंवा खाडीकांठच्या खाजणांत. खाजणांस बांध घालून भात पिकविण्याची रीत जुनी. तिच्यासाठीं मुंबई सरकारनें 1948 सालीं खारजमिनींचा कायदाही केला. मात्र उन्हाळ्यांत वरून गोडें पाणी आलें नाहीं, तर भरतीचें खारें पाणी नदींत आंत चढतें.

सूर्या ही वैतरणेस मिळणारी नदी. तिजवर गेल्या शतकांत धामणीचें धरण व त्याखालीं कवडासचा बंधारा झाला. त्यापायीं आदिवासींचीं घरें उठलीं. मोबदल्यांत आशा होती ती डहाणू, पालघर व विक्रमगड येथील शेतीस मिळणाऱ्या कालव्याच्या पाण्याची. ह्याच मुलखांत 1945 सालीं तलासरीजवळ झरी येथें वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. वेठ गेली, पण भात कापून झालें कीं वीटभट्ट्यांची वाट धरणें कांहीं सुटलें नाहीं. उन्हाळी पिकास पाणी मिळणें म्हणजे घरीं राहावयास मिळणें, इतका सरळ हा हिशेब होता. पुढें वसई-विरारास 185 व मीरा-भाईंदरास 218, मिळून रोजचें 403 दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना झाली. माणसें ज्या वाटेनें गेलीं, त्याच वाटेनें पाणीही निघालें! शेतकऱ्यांनीं विरोध केला. शहरांची तहान खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती भागविण्याचें ओझें कोणावर पडतें, हें इतिहासानें लिहून ठेवावयास हवें.

नदी बांधली म्हणजे तिच्या कांठचें जीवन मरतेंच, असेंही नाहीं. नाशिक जिल्ह्यांत नांदूर मधमेश्वर येथें गोदावरी-कादवांच्या संगमापाशीं कालव्यांसाठीं बंधारा घातला. मागें गाळ सांचला, पाणी उथळ पसरलें, पक्षी आले. 2020 च्या आरंभीं तें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून जाहीर झालें. तेथें पाणी राहिलें म्हणून हें घडलें. कालव्यांचा वांटा मोजतात, नळांचाही मोजतात. मग कवडासखालच्या डोहांसाठीं उन्हाळ्यांत किती पाणी सोडावयाचें, तें दर वर्षीं आधीं जाहीर करण्यास अडचण ती कोणती?