उसनें जुनेपण

जुनें तें सोनें ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याला नव्या वस्तूवर मुद्दाम ओरखडे काढून ती अधिक किंमतीस विकतां येईल अशी कल्पनाही शिवली नसेल. परंतु अमेरिकेंत गेलीं तीस वर्षें असा व्यापार उघडपणें चालला आहे. नुकतीच तयार झालेली गिटार कारागीर घासतो, तिचें रोगण तडकवितो, तिच्या खुंट्यांवर गंज चढवितो. आणि जन्मभर वाजवून झिजल्यासारखी ती दिसूं लागली म्हणजे गिऱ्हाईक तिच्यासाठीं चार पैसे जास्त मोजतें. या प्रकारांत खर्जाच्या स्वरांची जी चार तारांची गिटार, जिला बेस गिटार म्हणतात, तिचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तिचा जन्म इतका अलीकडचा आहे कीं, तिच्या अंगावरील प्रत्येक व्रणाचें कारण आज सांगतां येतें.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन या गांवीं लिओ फेंडर यानें १९३८ सालीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान थाटलें. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. पण ध्वनिवर्धक यंत्रें दुरुस्त करतां करतां वादकांच्या अडचणी त्याच्या कानावर येत. वाद्यवृंदांत खर्जाची बाजू संभाळणारा वादक त्या काळीं पुरुषभर उंचीचा डबल बेस घेऊन गांवोगांव हिंडे. तें धूड वाहून नेणें जिकिरीचें, विजेच्या गिटारींच्या गलबल्यांत तें ऐकूं येणें कठीण, आणि दांडीवर पडदे नसल्यामुळें त्यावर स्वर नेमका लावणें तर अधिकच कठीण. १९५१ सालीं फेंडरनें यावर तोड काढली. भरीव लांकडाचें धड, ३४ इंच लांबीच्या चार तारा, सतारीला असतात तसे दांडीवर पडदे, आणि तारांच्या कंपनाचें विजेच्या प्रवाहांत रूपांतर करणारें पिकअप, अशी त्या नव्या वाद्याची घडण होती. पडद्यांमुळें स्वर अचूक लागे, म्हणून त्यानें त्याला ‘प्रिसिजन बेस’ असें नांव दिलें. १९६० सालीं त्याच्या कारखान्यांतून वरच्या टोंकाशीं निमुळत्या दांडीचा ‘जॅझ बेस’ बाहेर पडला. पुढच्या सर्व बेस गिटारी बहुतेक या दोघांच्याच वंशांतील होत.

त्या काळीं या वाद्यांना नायट्रोसेल्युलोजचें रोगण देत. मोटारी रंगविण्यासाठीं प्रचारांत आलेलें हें रोगण लवकर वाळे. कारखान्याला तें सोईचें होतें. कित्येक रंगही मोटारींच्याच रंगपत्रकांतून उचललेले होते. या रोगणाचा स्वभाव असा कीं, तें वाळल्यावरही वर्षानुवर्षें आकसत राहतें व ठिसूळ होत जातें. लांकूड हवेंतील ओलाव्याबरोबर फुगतें आणि आटतें. ठिसूळ झालेल्या रोगणाला ती ओढ सोसत नाहीं व त्यावर बारीक भेगांचें जाळें उमटतें. काळानें तें पिवळें पडतें. त्यामुळें मूळचा पांढरा रंग सायीसारखा व निळा रंग हिरवट दिसूं लागतो. त्यांत वादकाच्या देहाची भर पडते. उजवा हात धडाच्या वरच्या कांठावर जेथें टेकतो, तेथें लांकूड उघडें पडतें. पाठीमागें कमरपट्ट्याचा बक्कल घासत राहतो. डाव्या हाताच्या घामानें व घर्षणानें दांडीवरील रोगण नाहींसें होऊन ती रेशमासारखी मऊ लागते. सारांश, जुनी बेस गिटार म्हणजे तिच्या मालकाच्या कामाची रोजनिशीच होय.

अशी रोजनिशी ज्यानें भरगच्च लिहिली, त्याचें नांव जेम्स जेमरसन. दक्षिण कॅरोलायनांत १९३६ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक डेट्रॉइट शहरीं मोटाऊन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेंत बेस वाजवी. त्याच्यापाशीं १९६२ सालचा प्रिसिजन बेस होता. त्यावर जाड व गुळगुळीत तारा चढविलेल्या असत, आणि त्या सहसा बदलावयाच्या नाहींत असा त्याचा परिपाठ होता. उजव्या हाताची केवळ तर्जनी तो वापरी. त्या एका बोटाच्या आधारावर १९६० नंतरच्या दशकांतील कितीतरी लोकप्रिय गीतें उभीं राहिलीं. परंतु मुद्रिकेवर गायकाचें नांव छापलें जाई. साथ करणारा अनामिकच राही. १९७१ सालीं मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या मुद्रिकेवर मोटाऊननें आपल्या वादकांचीं नांवें प्रथम छापलीं, आणि पुढच्याच वर्षीं संस्थेनें आपलें बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविलें. १९८३ च्या ऑगस्टमध्यें वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं जेमरसन वारला. त्यापूर्वीं थोडेच दिवस त्याचा तो बेस चोरीस गेला होता. तो पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

दरम्यान वाद्यांच्या बाजारांत मोठा पालट झाला. १९६५ सालीं फेंडरनें आपला उद्योग सी. बी. एस. या ध्वनिक्षेपण करणाऱ्या बड्या कंपनीस १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकला. त्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोजच्या जागीं पॉलिएस्टरचें जाड, टणक आवरण आलें. हें आवरण झिजत नाहीं. फार झालें तर त्याचा टवका उडतो. वाद्यांच्या घडणींतील काळजी कमी झाली अशी वादकांची समजूत झाली, आणि १९६५ पूर्वींच्या वाद्यांसाठीं शोधाशोध सुरू झाली. संग्राहक पुढें सरसावले, किंमती वाढल्या, आणि पोटासाठीं रात्रपाळ्या करणाऱ्या ज्या वादकांनीं तीं वाद्यें झिजविलीं, त्यांच्यासारख्या माणसाला तींच वाद्यें विकत घेणें दुरापास्त होऊन बसलें.

ही उणीव भरून काढण्याची कल्पना फेंडर कंपनीच्याच एका शाखेला सुचली. १९८७ सालीं कंपनीनें निवडक कारागिरांची एक स्वतंत्र कार्यशाळा काढली होती. तेथें जुन्या नमुन्यांबरहुकूम वाद्यें बनत. तीं फारच नवीं दिसतात, तीं जरा खराब करून द्यावीत, असें रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनें सुचविलें, अशी एक कथा वादकांत आवडीनें सांगितली जाते. कथेचा खरेपणा कांहींही असो. १९९५ च्या जानेवारींत वाद्यव्यापाऱ्यांच्या वार्षिक प्रदर्शनांत या कार्यशाळेनें व्हिन्स क्युनेटो या कारागिराकडून झिजवून घेतलेल्या दोन गिटारी मांडल्या. पाहणाऱ्यांना त्या खरोखरीच्या जुन्या वाटल्या. नव्या आहेत असें कळतांच मागण्यांचा पाऊस पडला. कांहीं वर्षांतच या जुनेपणाच्या प्रती लागल्या. एक प्रत दुकानांतून नुकतीच आणल्यासारखी. दुसरी कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिल्यासारखी. आणि तिसरी रोजच्या वापरानें झिजल्यासारखी. २००९ सालीं मेक्सिकोंतील कारखान्यांत बनलेल्या स्वस्त प्रतीही निघाल्या, आणि त्यांत प्रिसिजन व जॅझ हे दोन्ही बेस होते.

या कामाची रीत मोठी चमत्कारिक आहे. रोगण लावलेलें धड थंडींत ठेवून एकाएकीं उबेंत आणतात, म्हणजे त्यावर भेगा पडतात. हात व बक्कल जेथें घासले असते, तेथें कारागीर कांचकागद चालवितो. किल्ल्यांच्या जुडग्यानें टवके पाडतो. धातूच्या भागांना तेजाबाची वाफ देतो. प्लॅस्टिकच्या शुभ्र तुकड्यांना चहा-कॉफीसारख्या रंगांत बुडवून पिंवळट करतो. यांत अवघड भाग आहे तो संयमाचा. हात जेथें कधींच पोहोंचला नसता तेथें झीज दाखविली, तर जाणत्याच्या डोळ्यांना ती तत्काळ खुपते.

ही युक्ति अमेरिकेनें प्रथम शोधिली असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पॅरिस येथील झां-बाप्तीस्त व्हिल्योम (१७९८–१८७५) हा व्हायोलिनकार स्त्रादिव्हारी व ग्वार्नेरी यांच्या वाद्यांच्या प्रतिकृति करी, आणि त्यांवरील झिजलेलें रोगणही हुबेहूब उतरवी. पागानिनीचें ग्वार्नेरीकृत आवडतें व्हायोलिन दुरुस्तीस आलें असतां त्यानें त्याची अशी प्रतिकृति केली. पुढें ती पागानिनीचा शिष्य सिव्होरी याजकडे गेली. व्हिल्योम सामान्यतः आंत आपला क्रमांक व आपली सही ठेवी. जो आपली खूण ठेवतो तो अनुकरण करतो; जो ती लपवितो तो फसवितो. नव्या गिटारींवरही बनविणाराची खूण असते. तेव्हां या व्यापाराला लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल.

मग गिऱ्हाईक विकत घेतें तें काय? जुन्या वाद्याचा नाद, असें उत्तर पुष्कळदां मिळतें. व्हायोलिनांच्या बाबतींत या समजुतीची एक परीक्षा झालेली आहे. २०१० सालीं इंडियानापोलिस येथें २१ वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हातीं तीन नवीं व तीन प्राचीन व्हायोलिनें देण्यांत आलीं. वासानेंही ओळख पटूं नये म्हणून वाद्यांना सुगंध लावला होता. बहुसंख्य वादकांनीं पसंत केलें तें नवें वाद्य; सर्वांत नापसंत ठरलें तें एक स्त्रादिव्हारी. बेस गिटारींत तर धड भरीव असून आवाज पिकअपच्या द्वारें येतो. तेथें तारा, पिकअप आणि वादकाचीं बोटें यांपुढें कांचकागदाची मातबरी ती काय?

दोन कारणें मात्र खरीं आहेत. झिजविलेली दांडी हाताला पहिल्याच दिवशीं ओळखीची लागते. आणि ज्या वाद्यावर आधींच शंभर ओरखडे आहेत त्यावर एकशें एकावा पडेल या भीतीनें वादकाचा हात आंखडत नाहीं. कोरें करकरीत वाद्य पुष्कळदां पेटींतच राहतें. तिसरें कारण मनाचें आहे. वाद्यावरील झीज हें साक्षीपत्र असतें. हा माणूस पुष्कळ वाजवून आला आहे, असें ती श्रोत्यांना सांगते. नवशिक्या वादकाला ती साक्ष पैसे टाकून मिळते, आणि येथेंच या प्रकारांतील मर्म आहे. ज्यांच्या नांवाची ओळसुद्धां मुद्रिकेवर छापली गेली नाहीं, त्यांच्या श्रमाच्या खुणांना बाजारांत मोल आलें. माणसाला जें मिळालें नाहीं, तें त्याच्या ओरखड्यांना मिळालें.

जॅको पास्टोरियस याच्या जॅझ बेसची हकीकत येथें आठवावी. त्यानें १९६२ सालच्या आपल्या वाद्याचे पडदे काढून टाकले, खांचा बुजविल्या, आणि तारांनीं लांकूड कुरतडलें जाऊं नये म्हणून त्यावर नौकांना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढविले. गरजेपोटीं केलेल्या या उपायांतून एक गाता खर्ज निर्माण झाला आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या मुद्रिकेनें जगभरचे वादक थक्क झाले. पुढें त्याचें चित्त ढळलें. तें वाद्य त्याच्या हातून मोडलें, कारागिरांनीं तें तुकडा तुकडा जोडून उभें केलें, आणि १९८६ सालीं तें न्यूयॉर्क येथें चोरीस गेलें. दुसऱ्याच वर्षीं पास्टोरियस मृत्यु पावला. वीस वर्षांनीं तें वाद्य एका दुकानांत प्रकटलें. २०१० सालीं मेटॅलिका या वृंदाचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यानें पैसा पुढें केला, आणि पास्टोरियसच्या कुटुंबाची त्या वाद्याशीं ताटातूट संपली. फेंडरच्या कार्यशाळेनें त्याची झिजविलेली प्रतिकृतिही बनविली. तिच्यावर झिजेची जागा बरोबर साधतां येते. ती झीज ज्या रात्रींनीं केली, त्या रात्री साधतां येत नाहींत.

तथापि अशी प्रतिकृति विकत घेणाराला हंसूं नये. ती त्याच्या हातीं आली, त्याच दिवसापासून तिच्यावर दुसरी एक झीज सुरू होते. कारागिरानें काढलेल्या ओरखड्यांच्या शेजारीं त्याच्या स्वतःच्या मनगटाचा घाम मुरूं लागतो, आणि पांच-दहा वर्षांनीं उसनें कोणतें व कमावलेलें कोणतें हें त्याचें त्यालाही ओळखूं येत नाहीं. वाजविलें नाहीं, तर मात्र विकत घेतलेली झीज तेवढीच राहते.