भोगीच्या भाजीतले पाहुणे

"न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण तुम्ही सगळ्यांनीच आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेली असणार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि ती मिसळीची भाजी... पावटा, घेवडा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरं, भुईमुगाचे दाणे, वर तिळाचं कूट. शेतात जे कोवळं तयार झालेलं असतं ते त्या दिवशी ताटात येतं.

याला आपण 'पूर्वापार' म्हणतो. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला लगेच शंका येते, पूर्वापार म्हणजे कधीपासून?

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. त्यांचं मुख्य धान्य होतं जव! बोरंही ते खात होते, बिया सापडल्या आहेत. म्हणजे आपल्या भाजीत मुलं बाजूला काढून ठेवतात ती बोरं ताटातली फार जुनी मानकरी. बाजरी मूळची आफ्रिकेतली. ज्वारीही तिकडचीच. पण त्यांनाही इथे येऊन हजारो वर्षं झाली, त्यांना परकं कोण म्हणेल?

भुईमूग आणि मिरची मात्र अगदी अलीकडचे पाहुणे. दोघांचं मूळ अमेरिका खंडात. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या काळात ही मंडळी आपल्याकडे रुळली. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा तिथे कुणाच्या घरी दाण्याचं कूट नव्हतं, की भाजीत मिरची नव्हती. तिखट हवं तर मिरी, आलं. (हे मी वर्गात सांगितलं की मुलांना ज्ञानेश्वरांची दया यायची.)

आणि १९७२ चा दुष्काळ. आमच्या वयाच्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाजरी बघायला मिळेना. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. मिलो म्हणजे ज्वारीचीच जात, आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली आणि तिथून आमच्या तव्यावर आलेली. भाकरी चिरफळायची, चव नव्हती. १९७३ च्या भोगीला आईने त्याच भाकरीला तीळ लावले. भाजीत काय होतं? वाळवून ठेवलेली बोरं, भिजवलेले हरभरे आणि कुठूनशी मिळालेली दोन वांगी. आईने देवापुढे नैवेद्य ठेवला तेव्हा "यंदा भोगी नाही" असं घरात कुणी म्हणालं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतल्या भाचीचा फोन. "मावशी, पावटे नाहीत, बोरं नाहीत. यंदा राहू दे का?" मी म्हटलं, अगं, तुमच्या बाजारात फरसबी असेल, लाल भोपळा असेल, दाणे, मिरची असेल. या सगळ्यांचं माहेर तुझ्याच बाजूला आहे. इथे त्या सासरी आल्या, तिथे तर घरच्याच! घाल सगळं एकत्र. गोडा मसाला, चिंच, गूळ.

तीळ मात्र वगळू नकोस म्हणून बजावलं. ते आपल्या उपखंडातलेच, हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत. कोरडे भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे, आणि कूट अगदी शेवटी घालायचं, नाहीतर भाजी कडवट होते.