गिटारचा आवाज येतो कुठून? पुठ्ठ्याची गिटार आणि शिसवीची पाठ

आजचा भाग शक्यतो इअरफोन लावून ऐका. मधे मधे मी गिटार वाजवून दाखवणार आहे आणि मोबाइलच्या स्पीकरवर गिटारचे खालचे स्वर जवळजवळ गायबच होतात. जे हा भाग वाचतायत, त्यांच्यासाठी क्लिपच्या जागा कंसात दिल्या आहेत.

अकूस्टिक गिटारचे दोन-चार रिव्ह्यू बघितले की एक ठरावीक भाषा कानावर पडते. रोझवूडचा आवाज गडद, महोगनीचा कोरडा, मेपलचा लख्ख. विशेषणं बदलतात तशी किंमतही बदलते. पहिल्या पगारातून गिटार घेणारा माणूस इथेच अडकतो : रोझवूडसाठी आणखी पंधरा हजार टाकू का? आता ही लाकडं कुठली, तर मुख्यतः गिटारच्या पाठीची आणि बाजूंची. मग प्रश्न असा, की पाठीचं लाकूड खरंच एवढं बोलतं का? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि स्पेनमधल्या एका सुताराने तो पुठ्ठा घेऊन तपासला होता.

तोरेसचा प्रयोग

आंतोनिओ दे तोरेस. जन्म १८१७, दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाजवळ. धंदा सुतारकामाचा. पुढे सेव्हिलला जाऊन तो गिटार बनवायला लागला. त्या काळची गिटार अंगाने लहान होती आणि आवाजानेही बेताची. तोरेसने तिचं पोट मोठं केलं, वरची फळी पातळ केली आणि त्या फळीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. तारेची लांबी साधारण ६५ सेंटीमीटर ठेवली. आज क्लासिकल गिटार म्हणून जे वाद्य मिळतं, त्याचा आराखडा बराचसा तोरेसचाच आहे.

पुढे जाण्याआधी दोन शब्द ठरवून घेऊ. मधोमध गोल भोक असलेल्या वरच्या फळीला दुकानात टॉप म्हणतात. सतार-तंबोरा बनवणाऱ्यांकडे यासाठी छान शब्द आहे, तबली. आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. आपण हेच वापरू.

नुसती तार छेडली तर आवाज अगदीच क्षीण येतो, कारण एवढीशी तार हवा ती किती हलवणार? तार घोडीला हलवते, घोडी तबलीला आणि तबली हवेला. पोटातली हवा खालच्या स्वरांना आणखी जोर देते. म्हणजे तबली हाच गिटारचा स्पीकर. ती हलकी हवी, नाहीतर हलणार नाही. आणि मजबूत हवी, नाहीतर तारांच्या ओढीने फुगेल किंवा फाटेल. गिटारचा सगळा इतिहास म्हणजे या दोन अटींमधली ओढाताण आहे.

तोरेसचं म्हणणं होतं, आवाज तबलीत आहे. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तबली नेहमीसारखी स्प्रूसची, आतून पट्ट्याही नेहमीसारख्या. पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! आपण बग शोधताना करतो तेच हे. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तंबोरा डोळ्यांसमोर आणला तर हे फार परकं वाटत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची मागची बाजू म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला वाळवलेला भोपळा. कारागीर त्याचा आकार आणि जाडी निरखून बघतो, पण भोपळा दुर्मिळ आहे म्हणून कुणी जास्त पैसे मोजत नाही.

फुली, तात आणि पोलाद

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. ख्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन हा सॅक्सनीतला कारागीर १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियात नाझरेथला स्थायिक झाला. १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींमध्ये तबलीच्या आत नवी मांडणी दिसू लागली. पंख्याऐवजी फुली. दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना छेदून जाणाऱ्या.

गंमत म्हणजे तेव्हा तारा होत्या तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून वळलेल्या. तातीला एवढ्या भक्कम फुलीची गरज नव्हती. गरज पडली पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी, आणि ती निर्माण केली हवाईने. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनातलं संगीत अमेरिकेला असं काही आवडलं की घराघरांत हवाई गिटारची लाट आली. हवाई वादक गिटार आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवतात आणि त्याला पोलादी तारच लागते. १९२० च्या दशकात मार्टिनने आपल्या गिटारी एकेक करून पोलादी तारांसाठी बांधायला सुरुवात केली. फुली तयारच होती. कुणीतरी भलत्याच कामासाठी लिहिलेलं फंक्शन वर्षांनंतर नेमकं कामी यावं, तसं झालं.

(क्लिप १ : एकच सी कॉर्ड, आधी नायलॉनच्या तारांवर, मग पोलादी तारांवर.)

ऐकलंत? पहिला आवाज गोल आहे आणि लवकर विरतो. दुसऱ्याला धार आहे आणि तो रेंगाळतो. यामागे लाकडापेक्षा आधी तार आहे. सहा नायलॉन तारांची एकूण ओढ साधारण ४० किलो, तर पोलादी तारांची ७० किलोच्या पुढे. म्हणजे साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या तबलीला एक मोठा माणूस कायम लटकलेला! म्हणून पोलादी तारांच्या गिटारची बांधणी दणकट असते. आणि म्हणूनच क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका.

तातीची जागा नायलॉनने घेतली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागायची, त्यामुळे वादकांना ती मिळेनाशी झाली. न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, आंद्रेस सेगोव्हियासारख्या दिग्गज वादकाने त्या उचलून धरल्या आणि आज क्लासिकल म्हटलं की आपण नायलॉनच धरून चालतो.

युद्धनौकेएवढी गिटार

पोलादी तारांनी आवाज वाढला, तरी मागणी थांबली नाही. हॉलमध्ये बॅन्जो आणि फिडलसमोर गिटार ऐकू यायला हवी होती. मार्टिनने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिट्सन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी एक धिप्पाड गिटार केली होती, कंबर रुंद आणि पोट खोल. तिला नाव दिलं ड्रेडनॉट, १९०६ च्या प्रचंड ब्रिटिश युद्धनौकेवरून. १९३१ पासून मार्टिन ती स्वतःच्या नावाने विकू लागला. त्यातून डी-१८ आणि डी-२८ आल्या. आज तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर जी गिटार फिरत असते, ती बहुधा याच आकाराची नक्कल असते.

ड्रेडनॉटचे खालचे स्वर भरदार, त्यामुळे गाण्यामागे स्ट्रमिंगला ती उत्तम. पण बोटांनी एकेक तार वेगळी वाजवायची असेल तर तोच भरदारपणा आड येतो आणि खालचे स्वर वरच्यांना झाकतात. त्यासाठी लहान अंगाची गिटार बरी. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बॅन्जोवादकाच्या मागणीवरून मार्टिनने ओएम हे मॉडेल काढलं. त्यात मानेचे १४ फ्रेट पोटाच्या बाहेर होते, आधी बहुतेक १२ असायचे. बॅन्जोवाल्यांना वरच्या फ्रेटवर हात न्यायची सवय होती ना! आज १४ फ्रेट सर्रास दिसतात.

आता हाताला काय जाणवतं ते बघू. गिब्सनची जे-४५ आली १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ४५ डॉलरला. नावातला ४५ तोच. तिची तारेची लांबी सुमारे २४.७५ इंच, मार्टिन ड्रेडनॉटची २५.४. पाऊण इंचाहूनही कमी फरक. पण त्याच जाडीची तार त्याच सुरात लावायची तर ओढ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हिशोब केला तर जे-४५ वर ओढ साधारण पाच टक्के कमी. बोटाला हे लगेच कळतं. बार कॉर्ड सोपी जाते, तार वाकवायला हलकी वाटते, आणि आवाजही थोडा सैलावतो.

शिसवीचं झाड

आता पुन्हा पाठीकडे. डी-१८ ची पाठ महोगनीची, डी-२८ ची ब्राझीलच्या रोझवूडची. डी-२८ महागडी, म्हणून रोझवूड म्हणजे उच्च, हे समीकरण पक्कं झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि १९६९ च्या सुमारास मार्टिन भारतीय रोझवूडकडे वळला. हे भारतीय रोझवूड म्हणजे कोण? आपली शिसवी! आजीच्या घरातला काळसर पाट, जुना पलंग, देव्हारा ज्याचा असायचा तीच. पश्चिम घाटात वाढणारं, सावकाश पोसणारं झाड.

१९९२ मध्ये ब्राझीलच्या रोझवूडवर सर्वांत कडक आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली. २०१७ मध्ये शिसवीसकट या कुळातल्या सगळ्याच झाडांच्या व्यापारावर सायटिस कराराचं नियंत्रण आलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण झाडं काही त्यामुळे वाढली नाहीत. फर्निचर, सजावट आणि वाद्यं, सगळ्यांचीच मागणी त्यांच्यावर आहे.

आणि ज्या आवाजासाठी एवढा आटापिटा, त्याचं काय? २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. रॉजर बकनल या कारागिराने सहा गिटारी बनवल्या. आराखडा तोच, तबली तीच स्प्रूसची, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं : ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी मंद प्रकाशात, डोळ्यांवर वेल्डरचा गडद चष्मा लावून त्या वाजवल्या. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे! महाग लाकूड वर गेलं नाही, स्वस्त खाली आलं नाही. तोरेसचं पुठ्ठ्याचं म्हणणं १५६ वर्षांनी तक्त्यात उतरलं.

याचा अर्थ पाठ काहीच करत नाही असा नाही. तिचं वजन, जाडी, खोली यांचा परिणाम होतो. पण रोझवूड हे नाव वाजत नाही.

म्हणून गिटार घेणार असाल तर पैसे या क्रमाने लावा. आधी अख्ख्या लाकडाची तबली, थर चिकटवलेली नको. मग आपल्या वाजवण्याला साजेसा आकार. मग तारेची लांबी आणि मानेची जाडी, हातात धरून. नंतर एखाद्या चांगल्या कारागिराकडून सेटअप, म्हणजे तारा आणि फ्रेट यांतलं अंतर नीट करून घेणं. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात तबली दमट हवेने फुगते आणि हे अंतर वाढतं, तेव्हा वर्षातून एकदा बघून घ्याच. एवढं करून पैसे उरलेच, तर पाठ तुमच्या डोळ्यांना आवडेल ती घ्या.

(क्लिप २ : दोन गिटारी, एक महोगनी पाठीची, एक रोझवूड पाठीची. तीच धून, तारा त्याच कंपनीच्या.)

कुठली कुठली ते मी इथे सांगत नाही. डोळे मिटून ऐका, अंदाज कॉमेंटमध्ये लिहा. उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला देतो. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा!